मैळलदेवीला पंचमीचं बोलावणं

योगीराज आधी राज्य जिंकतो आणि मग हरलेल्या घराण्यातलं कोण मागं उरलं, ते शोधत बसतो. त्याची ही खोड आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पारावरचे म्हातारेसुद्धा त्याला जाता-येता विचारतात की राजे, आज कुणाचं कोण सापडलं.

गाव सोनपेठ तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. नदीकडच्या अंगाला योगीराजचं शेत आणि शेतात पत्र्याचा आखाडा. शेतातल्या राहायच्या खोलीला आम्ही आखाडा म्हणतो. त्यात खताची पोती असतात, मोटारीची पेटी असते, एक बाज असते. योगीराजच्या आखाड्यात एक जुना लॅपटॉपही आहे. त्याची बॅटरी केव्हाच मेली. लाईट असली तर तो चालतो आणि लाईट गेली की राजा, सैन्य, किल्ले, सगळं एकदम अंधारात जातं. लाईट येईपर्यंत योगीराज बाजेवर पडून पत्र्याकडं पाहत राहतो. घाई त्याच्या स्वभावातच नाही.

पुण्याला कंपनीत होता तेव्हा खोलीतल्या सोबत्यानं त्याला तो गेम टाकून दिला. त्यात पळायचं नसतं, गोळ्या झाडायच्या नसतात. पडद्यावर जुन्या काळाचा नकाशा असतो. प्रत्येक मुलखाला राजा, राजाला राणी, लेकरं, भाऊबंद. सोयरिकी जुळवायच्या, सरदारांना राजी ठेवायचं, वेळ पाहून लढाई करायची. राजा म्हातारा होऊन मरतो, मग त्याच्या वारसाच्या रूपानं आपण पुढं चालायचं. वारस नसला की खेळ संपला.

एखादं घराणं पडलं की बाकीचे खेळणारे नकाशाकडं पाहतात, आपला रंग किती पसरला ते. योगीराज त्या पडलेल्या घराण्याचं चिन्ह उघडतो. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, यातले जिवंत किती. कुणी परक्या दरबारात पाहुणा म्हणून पडलेला असतो, कुणी मठात गेलेला असतो, कुणी दुसऱ्याच्या फौजेत शिपाई झालेला असतो. त्यांचं राज्य गेलेलं असतं, पण नावापुढं जुन्या गादीवरचा दावा तसाच लिहिलेला राहतो, ते माणूस मरेपर्यंत.

त्याच्या बांधाला बांध लागून भागवतचं शेत. तोही मोबाईलवर तसलाच एक गेम खेळतो, पण तो जिंकायला खेळतो. एकदा गावाची डीपी जळाली, आठवडाभर लाईट नव्हती, तेव्हा भागवत आखाड्याच्या दारात येऊन म्हणाला, "राजे, एवढी देवगिरी घेतली, आता तेवढी डीपी जिंका." आणि योगीराजचं लग्न जमत नाही हे माहीत असूनही, किंवा माहीत होतं म्हणूनच, पुढं म्हणाला, "लोकांचे वारस हुडकायलास. आधी सोताचा बघ की."

योगीराज हसला. शेतकऱ्याला पोरगी कोण देतं, हे काय नव्यानं सांगायचं होतं?

त्याचे वडील दिनकरराव, घरातले अण्णा, वारले तेव्हा तो पुण्याहून आला, तो आलाच. वारसाचा फेर झाला आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली: आई कमलबाई, मुलगा योगीराज, मुलगी राजेश्री. राजेश्री त्याच्याहून मोठी. तिला चुडाव्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. आमच्याकडची रीत अशी की बापाचं वर्ष सरलं की लेकीला कचेरीत नेतात, ती हक्कसोड करून देते, भाऊ तिला लुगडं-चोळी करतो आणि ती डोळे पुसत सासरी जाते. यात कुणी कुणाला फसवलं असं कुणी मानत नाही. जमीन भावाची आणि माहेर बहिणीचं, अशी ती वाटणी.

राजेश्री बोलावल्या दिवशी सोनपेठला आली. कचेरीच्या बाकावर भावाशेजारी बसली. साक्षीला चुलते व्यंकटराव होते. सही करायची वेळ आली तेव्हा तिनं पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"बापू, मला जमीन नको," ती म्हणाली. "पिकातला दाणा मी मागणार न्हाई. पण अण्णाच्या नावाखाली माझं नाव तेवढं राहू दे."

व्यंकटरावांनी तिथंच, चार लोकांत आवाज चढवला. नाव म्हणजे दावा, आज ही बोलायली, उद्या हिच्या सासरचे बोलतील, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. कारकून मान वर करून पाहू लागला. योगीराजचे कान तापले. ज्या बहिणीनं त्याला कडेवर घेऊन नदीवर नेलं होतं, तिला तो म्हणाला, "मंग कागदावरचीच वारस राहा. माहेरवाशीण होऊ नको."

राजेश्री उठली, पदर सावरला आणि रस्त्यावर जाऊन एसटीची वाट पाहत उभी राहिली.

आमच्याकडं लेकीचं माहेर तोडायला भांडावं लागत नाही. श्रावणात पंचमी येते. पंचमीला लेक आपली आपण येत नसते. माहेराहून भाऊ नाही तर भाचा, कुणीतरी तिला न्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात येऊन पाणी प्यायला की लेकीची पिशवी भरते. मुराळी आला नाही तर ती पंचमीला सासरीच राहते आणि कुणी विचारलं तर कामाचं निमित्त सांगते. भावानं काहीच करायचं नसतं. नुसतं घरी बसून राहायचं. योगीराज चार-पाच पंचम्या असाच घरी बसला.

मायलेकी फोनवर बोलत. योगीराज घरात असला की तो फोन लवकर संपायचा. एकदा कमलबाई स्वतः चुडाव्याला जाऊन आल्या. पण लेकीच्या सासरी आई पाहुणी असते. पाहुणीला पाटावर बसवतात, चहा देतात. तिला लेकीला पुढ्यात घेऊन तिच्या डोक्यात तेल घालता येत नाही. त्या पुन्हा गेल्या नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात योगीराजनं गेममध्ये गोदाकाठचा एक लहान सरदार घेतला होता, दोन-चार गावांचा धनी. त्याच्या तीन पिढ्या खपवून त्यानं देवगिरी घेतली. तिथलं घराणं संपलं. हे सगळं गेममधलं. खऱ्या इतिहासाशी त्याचा मेळ घालायचा नसतो, गेम आपली माणसं आपणच जन्माला घालतो. योगीराजनं त्या घराण्याचं चिन्ह उघडलं. जिवंत, एक. शेवटच्या राजाची लेक, मैळलदेवी. दक्षिणेला समुद्राकाठच्या कुण्या राजाच्या दरबारी ती पाहुणी म्हणून राहत होती. लग्न नाही, लेकरू नाही. नावापुढं देवगिरीवरचा दावा.

कमलबाई दुपारी भाकरी घेऊन आखाड्यावर येत आणि दारात बसून अंबाडी निवडत. पोरगा काय करतो ते त्यांना कळत नसे, पण चेहरे दिसत. एका बाईच्या चेहऱ्यापाशी तो रोज थांबतो, हे त्यांनी हेरलं. कोण ही, म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं. तेव्हापासून भाकरीचं फडकं सोडता सोडता त्या पहिल्यांदा तिचीच चौकशी करू लागल्या. कुठं आहे, बरी आहे का, तिथल्या बायका तिला नीट वागवतात का. योगीराज सांगे की तसलं काही त्यात दिसत नाही, नुसतं वय दिसतं.

श्रावण लागला. दुपारच्या उघडिपीत शेत वाफाळत होतं. घरोघरी लेकी यायला लागल्या होत्या, रस्त्यावरून त्यांची हसणी आखाड्यापर्यंत ऐकू येत. कमलबाई अंबाडीची पानं खुडत होत्या.

"पंचमी आली," त्या म्हणाल्या. "तिला आन की."

योगीराज एकदम दचकला. मग आई पडद्याकडं पाहते आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"माय, ती दावेदार हाय. असल्याला घरी आनत न्हाईत."

"मंग काय करतेत?"

"मारतेत. न्हाईतर कोठडीत घालतेत. न्हाईतर तशीच लांब राहू देतेत. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, मेली की नाव आपोआप मिटतं."

कमलबाईंनी एक देठ मोडला, मग दुसरा.

"तू यातलं काय करायलास?"

"तिसरं," योगीराज म्हणाला. आणि म्हटल्यावर त्यानं पडद्यावरची नजर काढून घेतली.

कमलबाईंनी खुडलेली पानं एका बाजूला सारली. मग त्या म्हणाल्या, "आन तिला."

योगीराजनं बोलावणं धाडलं. गेममध्ये ती सोय आहे, कुणालाही आपल्या दरबारात बोलावता येतं. मैळलदेवी लगेच आली. समुद्राकाठचा दरबार सोडून देवगिरीच्या पाहुण्यांत तिचं नाव दिसू लागलं.

संध्याकाळी भागवत आला तो पडदा पाहून उभाच राहिला. दावेदारीण घरात का घेतली, असं त्यानं विचारलं. योगीराज म्हणाला, पंचमीला बोलावलीय. भागवत इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. मग डोळे पुसून त्यानं समजावून सांगितलं, की या गेमला पंचमी कळत नाही. दावा असलेलं माणूस राजधानीत आलं की नाराज सरदार त्याच्याभोवती जमतात. जग खेळतं हा गेम, पण अशी चूक कुणी केल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

"राजे, एक सांगू?" तो म्हणाला. "तुमच्यासारखा राजा पाहुणचारातच मरंल."

झालंही तसंच. दोन दिवसांत पडद्यावर खलिता आला. सरदारांचं म्हणणं, गादी मैळलदेवीला द्या, नाही तर लढा. खाली दोन खुणा होत्या, एक लढाईची आणि एक मान तुकवायची. योगीराजची फौज सरदारांच्या दुप्पट होती. भागवत शेजारी बसून म्हणत होता की चेपून टाक, आणि तिला कोठडीत घाल म्हणजे कटकट मिटली. कमलबाई दारात होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणायली ती?"

"राज्य मागायली."

"तिनं मागितलं, का तिच्या नावानं दुसऱ्यांनी?"

योगीराजनं खलिता परत वाचला. खाली सरदारांची नावं होती. मैळलदेवीनं कुठंही काही मागितलेलं नव्हतं.

"दुसऱ्यांनी," तो म्हणाला.

"मंग तिला विचार की."

"तिला विचारायची सोय न्हाई त्यात."

"त्यात न्हाई," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी पदर झटकला, भाकरीचं फडकं बांधलं आणि घराकडं चालू लागल्या.

योगीराजनं मान तुकवायची खूण दाबली. देवगिरीचा रंग बदलला. नव्या राणीची पहिली सही आता आपल्याला हाकलण्याची असणार, असं त्याला वाटलं. गेममधले महिने त्यानं पुढं सरकू दिले. पावसाळा गेला, थंडी गेली. मैळलदेवीनं त्याची गोदाकाठची गावं त्याच्याकडंच ठेवली होती. त्यातला दगडसुद्धा तिनं हलवला नव्हता. मग लाईट गेली.

पंचमी परवावर होती. योगीराज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. आईनं कुठं म्हणून विचारलं नाही. त्याच्या हातात लाह्यांची पिशवी दिली आणि उंबऱ्यापर्यंत आली. एसटीनं गंगाखेड, तिथून परभणी, आणि परभणीहून चुडाव्याला थांबणारी पॅसेंजर. गाडीत जागोजाग मुराळी होते. नवी टोपी, गुडघ्यांत पिशवी. येताना त्यांच्याशेजारी बहिणी असणार होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं योगीराजला विचारलं, "कुणाला आनायला?" योगीराज म्हणाला, "बहिणीला." किती दिवसांनी हा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला होता.

राजेश्रीच्या अंगणात लेकरं खेळत होती. तिची नणंद अपेक्षा कालच माहेरी आली होती, ती ओट्यावर केस वाळवत बसली होती. तिनं योगीराजला ओळखलं आणि आत हाक दिली, "वैनी, मुराळी आलाय तुमचा. वाट चुकून आला का काय बघा."

राजेश्री पिठाच्या हातानं बाहेर आली. भावाला पाहिलं. मग ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती अंगानं भरली होती, चालताना एका पायावर जरा जोर देत होती. आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं, गाय व्याली का ते विचारलं. का आलास, ते विचारलं नाही. जेवताना आग्रह करून वाढलं. योगीराज वाढलेलं सगळं जेवला.

हात धुतल्यावर तो म्हणाला, "अक्का, न्यायला आलो."

"लय उशीर केलास, बापू."

त्याला वाटलं, आता ती मागचं काढील. काढलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्याजवळ माफी तरी तयार होती. पण राजेश्रीच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं ओट्याकडं मान केली.

"त्या कालच आल्यात, लांबून. मी निघाले तर त्यांला हे घर रिकामं, खाली लागंल. खाली माहेर कसं असतं, ते मला ठाव हाय."

अपेक्षा तिकडून म्हणाली की खुशाल जा, मी काय परकी आहे का, चूल मी पाहीन. राजेश्रीनं ऐकलं नाही. सासू यंदाच गेली, सासरच्या घरात आता तीच वडीलधारी होती. ज्या घरी लेक आलेली, त्या घरची सून पंचमीला घर सोडत नसते. योगीराजला हे कळत होतं. गेल्या साली आला असता, त्याआधी आला असता, तर ती मोकळी होती. बाई जिवंत असते, नाव असतं, पण यायचा दिवस मात्र निघून जातो.

निघताना ती त्याला गाडीपर्यंत घालवायला आली. सोयाबीनच्या मधून पायवाट होती. पुढं योगीराज, मागं राजेश्री. नदीकडच्या रानात काय पेरलं म्हणून तिनं विचारलं. त्यानं सोयाबीन सांगितलं, वर तूर सांगितली. थोडं चालून ती म्हणाली, "बापू, त्यात माझ्या नावाचा कोपरा कोणता रे?"

योगीराज थांबला. वळून म्हणाला, "सामाईक हाय, अक्का. कोपरा न्हाई कुणाला. तुझं नाव सगळ्यावरच हाय."

"सगळ्यावर?"

"नदीपासून वर बाभळीपर्यंत."

राजेश्री हसली. हसता हसता तिचा चेहरा फिरला. तिनं पदर तोंडाला लावला आणि सोयाबीनकडं पाहत उभी राहिली. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा म्हणाली, "भाऊबीजेला ये न्यायला. आधी फोन करू नको. नुसता ये."

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला. रस्त्याच्या वळणावर तो एकटाच दिसला तेव्हा कमलबाई दारातून उठल्या नाहीत. तो शेजारी बसला. मग त्या विचारू लागल्या आणि तो सांगू लागला. काय वाढलं, कोणतं लुगडं नेसली होती, घर शाकारलं का, पायाला काय झालंय. एकेक गोष्ट त्यांनी दोनदा विचारली. शेवटी पायवाटेवरचं बोलणं त्यानं सांगितलं. ते मात्र त्यांनी एकदाच ऐकलं.

पंचमीला आमच्याकडं जमिनीला लोखंड लावत नाहीत. औत नाही, खुरपं नाही, सारं शिवार मोकळं. गावात लेकींचा गलका चालला होता. त्या सकाळी मी नदीकडं निघालो होतो, तेव्हा योगीराजच्या शेताच्या बांधावर कमलबाई दिसल्या. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू त्या बांधानं चालत होत्या. नदीकडची कड संपवून त्या बाभळीकडं वळल्या. मी हाक मारली आणि काय पाहता म्हणून विचारलं.

"आमच्या राजेश्रीचं रान," त्या म्हणाल्या, आणि उरलेला बांध चालू लागल्या.